भंडाऱ्याआडचा हात

वरकुटे
२० मार्च २०२५

ती. नागेशमामांस,
प्रतिक्षाचा नमस्कार.

पाकिटात कॅमेऱ्याचं कार्ड आहे, वाकवू नका. दुधाच्या टेम्पोवाल्या काकांना मी सांगितलंय की आत देवाचा अंगारा आहे, म्हणजे ते पाकीट कॅनच्या खाली दाबून ठेवणार नाहीत. तुम्ही म्हणालात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, तिथं त्यांचा चुरा होतो. मोठी फाइल पाठवायची तर आमच्या वस्तीवर रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. म्हणून कार्ड, आणि कार्डाबरोबर ही चिठ्ठी. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर एकजण बोलतो आणि बाकीचे सगळे ऐकतात. खोटं वाटत असेल तर तुमच्या बहिणीला विचारा.

कॅमेरा छान आहे. तुमचा जुना असला तरी मला नवाच. एकच तक्रार आहे. बटण एकदा दाबलं की फोटो दोन पडतात. एक साधा, जेपेग, तो फोनमध्ये लगेच उघडतो. दुसरा तुमचा तो रॉ. तो फोनमध्ये उघडत नाही, कुणाला पाठवता येत नाही, आणि जागा मात्र घरजावयासारखी अडवतो. रेश्माच्या लॅपटॉपवर उघडून बघितला तर इतका फिका, की ती म्हणाली, "प्रतिक्षे, ह्यो फोटो हाय का आजारी माणूस?"

रेश्मा म्हणजे मानसिंगकाकांची. लहानपणी तुमच्या स्टुडिओत आम्ही दोघी एकाच खुर्चीवर बसून फोटो काढायला भांडलो होतो, ती. मे महिन्यात तिचं लग्न आहे, आणि फोटो मीच काढायचे असं तिनं घरात जाहीर करून टाकलंय. मांडव आमच्या दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात. हीच मोठी गोष्ट आहे मामा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आबाजी आणि मानसिंगकाका किती वर्षं बोलत नव्हते ते तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांचा सख्खा पुतण्या, तरी निरोप आमच्यामार्फत जायचे. आता लग्नामुळं एका सतरंजीवर बसायला लागलेत. अजून एकमेकांकडं बघून बोलत नाहीत, मधल्या तांब्याकडं बघून बोलतात. पण बोलतात.

त्याच्या आधी चैत्रात वस्तीवरच्या बिरोबाची जत्रा. तिचेही फोटो मला काढायला सांगितलेत. तेव्हा विचारायचं ते हे, की जत्रेपुरता तो रॉ बंद करू का? मी काही मोठी फोटोग्राफर नाही. रॉ मोठ्या लोकांसाठी असतं म्हणे.

तुमची
प्रतिक्षा


जळोची, बारामती
२४ मार्च २०२५

चि. प्रतिक्षा,
मामाचे भरपूर आशीर्वाद, मामीचे त्याहून जास्त.

अंगारा पोचला. कपाळाला लावून मग कॉम्प्युटरला लावला.

रॉ बंद करायचा नाही. आता कारण ऐक.

कॅमेऱ्याच्या पोटात एक कारकून बसलेला असतो. तू बटण दाबलंस की जे काही आत येतं त्यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं, रंग किती, उजेड किती, हे सगळं तो डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतो, शिक्का मारतो आणि तुझ्या हातात जेपेग देतो. उरलेलं टाकून देतो. हुशार आहे बिचारा. पण तो शिकलाय जपानात. बिरोबाची जत्रा त्यानं बघितलेली नाही. चहूकडं भंडारा उडाला की त्याला वाटतं उजेडातच काहीतरी बिघाड आहे, आणि तो पिवळा रंग धुवायला बसतो, नाहीतर पिवळ्याचा नुसता लगदा करून ठेवतो. तिथं तू त्याच्याशी भांडू शकत नाहीस. त्यानं टाकून दिलेलं परत मिळत नाही.

रॉ म्हणजे कारकुनाच्या हातात जायच्या आधीचं सगळं. तुझ्या आजोळची भाषा सांगतो. आमचे आप्पा कातरलेली लोकर पसरून बसायचे. काळी इकडं, करडी तिकडं, पांढरी वेगळी. निवडानिवड काय ती तेव्हा. घोंगडं विणून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, "ह्यातली करडी तेवढी काढा," तर आप्पा नुसतं हसायचे. जेपेग हे विणून झालेलं घोंगडं. रॉ ही लोकर. फिकी दिसणारच, अजून तिला कुणाचा हात लागलेला नाही.

आणि ते मोठ्यांसाठी असतं हे तुला ज्यानं सांगितलं त्याला माझ्याकडं पाठव. मोठ्या माणसाचा उजेडाचा अंदाज चुकत नाही, त्याचं जेपेगवर भागतं. चुका तू करणार आहेस. रोज करणार आहेस, भरपूर करणार आहेस, आणि करायलाच पाहिजेत. जो चुकणार आहे त्यानंच लोकर राखून ठेवायची. एखादा फोटो अंधारा आला, पिवळा आला, तर रॉ वर घरी बसून सावरता येतो, आणि सावरता सावरता आपण कुठं चुकलो ते कळतं. जेपेगवर नुसतं रडता येतं.

मी स्वतः काय काय करतो ते तुला माहीत आहे. तुमच्या भिंतीवरच्या फोटोत आबाजींच्या शेजारी तुझी आजी उभी आहे. ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी तिला तिथं उभी केली. अंगावरची साडी तुझ्या मामीची आहे. इंदापूरपर्यंत लोक मला ओळखतात ते यासाठीच. मिटलेले डोळे उघडून देतो, न आलेल्या जावयाला मांडवात आणतो. पण मूळ फोटोला मी कधी हात लावत नाही. तो वेगळा ठेवतो.

मोठं कार्ड पाठवतोय. जागेचं रडगाणं बंद.

परवा फोनवर रॉ बंद करू नकोस म्हटलं, तर तू "बघते मामा" म्हणालीस. तुझं ते "बघते" मी ओळखतो. तुझी आई लहानपणी अभ्यासाला तसंच "बघते" म्हणायची.

नागेशमामा


वरकुटे
१३ एप्रिल २०२५

ती. मामांस नमस्कार.

जत्रा व्यवस्थित पार पडली. हवा चांगली होती. गर्दी बरीच होती. ढोलाच्या तालावर गजीचा नाच चांगला झाला. आबाजी या वयातही खेळले. खेळताना देवळाच्या पायऱ्यांपाशी त्यांचा किंचित तोल गेला. काळजीचे कारण नाही. गुडघा खरचटला आहे आणि गळ्याला पुढून वळ उठला आहे, आई हळद लावते.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये एक फोटो आहे. त्यात आबाजींच्या पाठीमागे एक हात दिसतो. तो पुसून देता येईल का? तिथे नुसता भंडारा राहू द्यावा. तुम्हाला ते जमते. शक्य तितक्या लवकर पाठवावा.

कळावे,
प्रतिक्षा


जळोची
१४ एप्रिल २०२५

चि. प्रतिक्षा,

आजवर तू मला "कळावे" लिहिलं नव्हतंस. पत्र इतकं नीटनेटकं आहे की मी वाचून उभाच राहिलो. मामीनं विचारलं, "काय लिहिलंय?" म्हटलं, "काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तर."

फोटो बघितला. रंग भडक करायचा जो पर्याय असतो तो तू लावलास, त्यामुळं भंडाऱ्याचा एक पिवळा पत्रा झालाय. आबाजी पुढं झुकलेत, तोंड उघडं. मागून एक हात आलाय, कोपरापासून मनगटापर्यंत स्वच्छ, पंजा पिवळ्यात बुडालेला. मनगटावरचं घड्याळ मी रेश्माच्या साखरपुड्यात बघितलंय. म्हणजे हात कुणाचा ते मला विचारायला नको.

हात मी पुसणार नाही. पुसता येतो, चहा प्यायच्या आत पुसता येतो. पण तू माझ्याकडं न आलेला जावई मागत नाहीस, घडलेलं घालवायला सांगतेस. ते काम मी घेत नाही.

आणि एक. तू लिहिलंस गळ्याला पुढून वळ उठलाय. लिहून पुढं गेलीस. माझे कान तिथंच अडकले. मागून ढकललेला माणूस तोंडावर पडतो. गुडघे फुटतात, तळहात सोलतात, नाक फुटतं. गळ्याला पुढून वळ कशानं उठेल? मला उत्तर माहीत नाही. जे खटकलं ते लिहिलं.

सगळं खरं लिही आणि कार्ड पाठव. पेनड्राइव्ह नको, कॅमेऱ्यातलं कार्ड. टेम्पोवाल्याला या वेळी प्रसाद आहे म्हण.

मामा


वरकुटे
१५ एप्रिल २०२५

मामा,

लिहिते. कुठून सुरू करू तेच कळत नाही.

ढोल टिपेला गेला, सगळ्यांनी एकदम भंडारा उधळला, समोरचं काही दिसेना. मी बटण दाबत राहिले. भंडारा खाली बसला तेव्हा आबाजी वरच्या पहिल्या पायरीवर गुडघ्यावर आलेले, आणि मानसिंगकाका त्यांच्या मागं उभे. आबाजी उठले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ढकललंस मला? देवाच्या दारात ढकललंस?" काका खाली वाकले. पडलेली भंडाऱ्याची पिशवी उचलून झटकली आणि निघून गेले.

तेवढ्यावर कदाचित मिटलंही असतं. पण मी काय केलं ऐका. ढोलाच्या आवाजात मला त्यांचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं, ते मागाहून कळलं; त्याच्या आत, आनंदाच्या भरात, मी तो फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकला. केवढा सुंदर पिवळा आलाय म्हणून. खाली "बिरोबाच्या नावानं चांगभलं" लिहिलं. जो तो बोटांनी फोटो मोठा करून तो हात बघायला लागला. आता जो भेटतो तो म्हणतो, पुरावा हाय की, आपल्याच पोरीनं काढलाय. आमचे शंभूराजकाका तर पारावर सांगत सुटलेत, "मी शेजारीच हुतो. ढकलताना मानसिंग म्हनला, 'जा खाली!' ह्या कानांनी ऐकलं."

आबाजींनी सांगून टाकलंय, "त्या मांडवात आपल्या घरातलं मांजरसुदीक जायाचं न्हाय." मानसिंगकाकांनी निरोप पाठवलाय की मांडवच घालणार नाही, इंदापूरला कार्यालय बघतो, पाहुणे तिकडूनच येतील. रेश्मा काल विहिरीवर भेटली. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "फोटो टाकायच्या आधी मला दाखवायचा तरी." मामा, ती लहानपणापासून माझ्याबरोबर एका ताटात जेवलीय.

म्हणून वाटलं, हात पुसून दुसरा फोटो टाकावा आणि म्हणावं, आधीचा मोबाइलनं बिघडवला होता.

तुम्ही कार्ड मागितलंत. पाठवते, पण त्यात तुम्हाला हवं ते मिळणार नाही. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मी रॉ बंद केला. कॅमेऱ्याच्या यादीत जाऊन सगळ्यात लहान फोटो निवडला. तुमचं मोठं कार्डसुद्धा पुरणार नाही असं वाटलं. खरं सांगायचं तर त्या फिक्या फोटोंना रेश्मा हसते त्याचा राग होता.

आता काय करायचं?

प्रतिक्षा


जळोची
१६ एप्रिल २०२५

चि. बावळट,

पत्र वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. रागानं दोन पानं लिहिली. मग म्हटलं, शिव्या तर द्यायच्याच आहेत, आधी कार्ड लावून बघू.

अगं, तुला धड न ऐकणंसुद्धा जमत नाही! त्या यादीत दोन ओळी असतात. वरची रॉ ची, खालची जेपेगची. तू खालच्या ओळीत जाऊन जेपेग लहान केलास आणि वरची ओळ होती तशीच राहिली. फोनला रॉ दिसत नाहीत म्हणून तुला वाटलं ते नाहीत. सगळे आहेत. एकूण एक. मी खुर्चीत मागं टेकून छताकडं बघत बसलो. मामी म्हणाली, "रडताय का हसताय?"

मग तो उघडला. रॉ फिका असतो ना, त्या फिकेपणातच सगळं जपलेलं असतं. उजेड थोडा खाली ओढला. पिवळा पत्रा विरळ व्हायला लागला, आणि त्याच्या आतून पंजा वर आला.

पंजा पसरलेला नाही, पोरी. मूठ आहे. आबाजींची बंडी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, मुठीत गोळा करून धरलीय. अंगठा मुठीच्या आत मुडपलाय, तो का कोण जाणे. बंडीचा गळा आबाजींच्या गळ्यात रुतलाय. मानसिंगची भंडाऱ्याची पिशवी हवेत आहे, दुसऱ्या हातातून सुटलेली. त्याचे पाय मागं रोवलेले आहेत. आणि आबाजींच्या पुढं जमीन नाही, पायऱ्या आहेत, खालपर्यंत.

वळाचं उत्तर मिळालं.

आता नीट ऐक, कारण यात एक मोठा घोटाळा आहे. हा फोटो मी छापून पाठवला तर पारावर काय म्हणतील ते मला इथं जळोचीत बसून ऐकू येतंय. "नागेशनं केला व्हय? मग काय, त्यो तर म्हशीला पंख लावंल." ज्यानं मेलेल्या बाईला बायकोची साडी नेसवून उभी केली, त्यानं पंजाची मूठ केली नसेल कशावरून? माझं कसब आज माझ्याच आड आलंय. मी लॅपटॉप घेऊन आलो तरी तेच. मी तिथं दिसलो की फोटो माझा झाला.

म्हणून मी येत नाही. कार्ड परत पाठवतोय, त्यात मी काही ठेवलेलं नाही आणि काही काढलेलं नाही. ते कॅमेऱ्यात घाल. रेश्माच्या लॅपटॉपवर कॅमेऱ्याच्या कंपनीचा फुकटचा प्रोग्रॅम आहे, त्यातच तू तो आजारी माणूस बघितला होतास. सगळ्यांसमोर कार्ड बाहेर काढ, सगळ्यांसमोर लाव. उजेडाची पट्टी असते, ती ओढायची. रॉ चं एक बरं असतं, त्याच्यावर कुणी लिहू शकत नाही. पट्टी कितीही ओढ, प्रोग्रॅम शेजारी नुसती चिठ्ठी ठेवतो, की इतकं ओढलं होतं. पट्टी परत आणली की मूळ जसंच्या तसं.

आणि पट्टी तू ओढायची नाहीस. आबाजींना ओढू दे.

लॅपटॉप त्या घरातला आहे, हे मला कळतं. तो मागायला तुलाच जावं लागेल. जा.

मामा


वरकुटे
२१ एप्रिल २०२५

मामा,

काल झालं. आज पहिल्यांदा पोटभर जेवले. आता लिहिते.

लॅपटॉप मागायला गेले तर काकू दारात आडव्या. रेश्मा मागून म्हणाली, "आई, तिला येऊ दे." मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, "चुकीचा फोटो मी टाकला, बरोबर मीच दाखवते. काकांनाही घेऊन ये." तिनं लॅपटॉप ओढणीत गुंडाळला आणि माझ्याबरोबर निघाली. काका आले नाहीत. गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकत बसले.

आमच्या ओसरीवर आबाजी, पप्पा, आई आणि शेजारपाजारचे. शंभूराजकाका बोलावल्याशिवाय आले होते. कार्ड कॅमेऱ्यातून काढून सगळ्यांना दाखवलं आणि लावलं. फोटो उघडला, जरा फिका, पण तसाच सगळा पिवळा. आबाजींनी मान फिरवली, "बघितलाय त्यो." मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि म्हटलं, "आबाजी, हितं बोट ठेवा. हळूच डावीकडं न्या."

"मला कशाला लावतीस? तूच कर."

"मी केलं तर मामानं शिकवलं म्हणतील."

त्यांनी बोट ठेवलं. बोटाला सवय नव्हती, त्यामुळं पट्टी मागंपुढं व्हायची, आणि भंडारा विरायचा, परत दाटायचा. जत्रेत वाऱ्यानं होतो तसा. मग एकदम मूठ दिसली.

शंभूराजकाका म्हणाले, "हे नागेशनं आधीच करून धाडलं असंल."

मामा, तिथं मला तुमची शिकवण आठवली. पट्टी जागेवर आणली, म्हटलं, बरं, हा नको, त्याच्या आधीचा बघू. तो आणखी पिवळा होता. काकांनाच म्हटलं, तुम्ही ओढा. त्यांनी ओढली. भंडारा गेला आणि मागून कोण निघालं? खुद्द शंभूराजकाका, डोळे मिटलेले, ढोलाच्या आवाजानं दोन्ही कानांत बोटं खुपसून उभे! आई म्हणाली, "भावजी, ह्याच कानांनी ऐकलं व्हय तुमी?" ओसरी फुटेल इतके सगळे हसले. काकांना एकाएकी आठवलं की त्यांची विहिरीवरची मोटार चालू राहिलीय, ते गेले.

पण आबाजी हसले नाहीत. त्यांनी परत पहिला फोटो लावायला सांगितला. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "अंगठा बघ. अंगठा आत घेतलाय."

मला काही कळलं नाही. ते माझ्याशी बोलतच नव्हते. म्हणाले, "नीरेचं पाणी उतरताना मेंढरू धारंला लागलं की असं धरायचं. पाठीवरची लोकर मुठीत, आन् अंगठा आत. भायेर ठिवला तर मेंढरू हिसका देतं आन् अंगठा मोडतो. ह्यो एवढासा हुता तवा मी शिकिवलंय त्याला. भाऊ गेला त्या साली." मग गळ्यावरच्या वळावरून बोट फिरवत बसले. "धरलं त्यानं मला. मेंढरागत धरलं. आन् मी चारचौघांत काय बोललो."

काठी न घेता उठले आणि अंगण ओलांडून गेले. आम्ही मागं. काका गोठ्यातच होते. आबाजी म्हणाले, "मानसिंग, तोंड हुतं न्हवं तुला? सांगायचं हुतंस."

काका वैरण हातात धरून उभे. म्हणाले, "काय सांगू? मी वाचीवलं म्हनून? तुमी पडला न्हाय, तेवढं माजं काम झालं हुतं. पुढचं बोलायला लागलो असतो तर उपकार सांगितल्यागत झालं असतं."

"आरं पर ढकललंस म्हनलो मी तुला!"

"म्हनला. तुमी थोरलं हाय."

मामा, पहिल्यांदा ते एकमेकांकडं बघून बोलत होते. मधे तांब्या नव्हता, म्हैस होती. तिला काही समजत नव्हतं, ती आबाजींचं उपरणं चघळायला लागली. आबाजी तिला म्हणाले, "तुजं काय आनी मधीच?" आणि मग दोघंही हसले. रेश्मानं माझ्या दंडाला इतक्या जोरानं धरलं की माझ्याही हातावर वळ उठलाय.

मांडव अंगणातच. आबाजींनी आज स्वतः मेढी कुठं रोवायच्या ते दाखवलं. ग्रुपवर मी मूठ दिसणारा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की आधीचा माझ्या घाईचा होता.

आबाजींना तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय. आजीच्या फोटोशेजारी. छापून द्याल ना?

तुमची
प्रतिक्षा


जळोची
२३ एप्रिल २०२५

चि. प्रतिक्षा,

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. पासपोर्टच्या फोटोला बसलेला माणूस माझ्याबरोबर हसायला लागला, त्याचा फोटो परत काढावा लागला. पासपोर्टवाल्यांना हसलेलं चालत नाही.

अंगठ्याचं मला का कळलं नाही ते सांगू? आप्पांनी मलाही शिकवलं असेल. पण माझं ध्यान तेव्हा मेंढरांकडं कधी नव्हतंच, पाण्यातल्या त्यांच्या सावल्यांकडं असायचं. म्हणून तर आप्पांनी बारामतीच्या स्टुडिओत आणून सोडलं मला. मी मूठ बघितली, ती कुणाची शिकवण आहे हे आबाजींनी बघितलं.

आता लग्नाचं. हळदीच्या दिवशी मांडवाचं कापड लाल लावू देऊ नकोस, सगळ्यांचे चेहरे भाजल्यासारखे येतात. लावलंच तर घाबरू नकोस, रॉ आहे. वरच्या ओळीला हात लावशील तर बघ. आणि रेश्मा जशी आहे तशीच दिसू दे. सासरकडचं कुणी म्हणेल जरा उजळ करा. तेव्हा म्हणायचं, त्याला जळोचीला जावं लागतं, आणि तिथला माणूस सध्या फार गर्दीत आहे.

फोटो मोठा छापायला घेतोय. पण आबाजींना एक विचारून घे. कोणता छापू? भंडारा विरळ केलेला, मूठ स्वच्छ दिसणारा, की मूळचा, सगळा पिवळा? लोकर हातात आहे, त्यांना हवं ते विणून देतो. पैशाचं नाव काढलंस तर तुझ्या आईला सांगेन.

मामा


वरकुटे
१४ मे २०२५

ती. मामांस,

लग्न पार पडलं. मामी आणि तुम्ही वरातीआधीच निघालात, म्हणून हे लिहिते. मांडवाचं कापड लालच होतं. मी घाबरले नाही.

आबाजींना तुमचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला होता. काल दोन्ही फोटो त्यांना लॅपटॉपवर शेजारीशेजारी लावून दाखवले. एकात मूठ अगदी स्वच्छ. दुसरा पहिल्यासारखा, सगळा पिवळा. मला वाटलं, स्वच्छ तोच सांगतील. पाहुणे आले की दाखवता येईल.

मानसिंगकाका शेजारीच बसून पान लावत होते. आबाजींनी पट्टीवर स्वतःच बोट ठेवलं, आता त्यांचा हात चांगला बसलाय, आणि हळूहळू उजवीकडं नेत गेले. मूठ पुसट झाली, मग भंडाऱ्यात बुडून गेली. म्हणाले, "ह्यो छापाय सांग नागेशला. जत्रा हाय ती, भंडारा पायजेच."

मी म्हटलं, "अहो आबाजी, पण मग धरलेला पंजा दिसणार नाही."

ते म्हणाले, "मला म्हाईत हाय की कुठं हाय त्यो."

तुमची
प्रतिक्षा